वाचकांचे प्रश्न : इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी कोणते विद्यापीठ?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची, म्हणजे इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या (कंपन्यांना भांडवल उभारून देणे आणि त्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार जुळवणे) शिक्षणावरची निघाली, त्यामुळे या अंकातील सदर त्यांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा सांगलीत हळदीच्या अडतीचा व्यवसाय आहे. मुलगी बारावी वाणिज्य शाखेत असून तिने गणित घेतले आहे. दहावीला तिला ९४ टक्के होते. तिला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्येच जायचे आहे. पुण्यातील एका सल्लागाराने इंग्लंडमधील एका विद्यापीठाची 'बँकिंग अँड फायनान्स'ची तीन वर्षांची पदवी सुचवली असून प्रवेश नक्की मिळेल, असे तो म्हणतो. खर्चासाठी आम्हाला मिरज रस्त्यावरची जागा तारण ठेवावी लागेल. नातेवाईक म्हणतात, मुंबईला नाहीतर दिल्लीला घाला. काय करावे? — एक पालक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील 'प्रवेश नक्की मिळेल' हे शब्द मी दोनदा वाचले, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. लंडनमधील मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका नवी भरती करताना ज्या विद्यापीठांकडे आधी पाहतात ती मोजकी आहेत : ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, इम्पीरियल कॉलेज, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि वॉरिक. त्यांच्या खालोखाल आणखी काही नावे घेता येतील, परंतु तेथून विद्यार्थ्याला बँकेचे दार स्वतःच शोधावे आणि स्वतःच ठोठवावे लागते. या सहांपैकी कोठेही प्रवेश नक्की मिळेल, असे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. ज्या विद्यापीठाची हमी सल्लागार आधीच देतो, त्याचे नाव या यादीत नसणार हे उघड आहे. अशा सल्लागारांना पुष्कळदा विद्यापीठाकडून दलाली मिळते. अडतीच्या धंद्यातल्या माणसाला त्यात गैर काही वाटणार नाही, पण माल दाखवणारा कोणाकडून अडत घेतो हे आपण बाजारात जसे विचारता, तसे येथेही विचारावे.

पदवीच्या नावात 'बँकिंग' हा शब्द आहे म्हणून भुलण्याचेही कारण नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे पदवी पातळीवर 'बँकिंग अँड फायनान्स' नावाचा अभ्यासक्रमच नाही, आणि तरीही तेथील अर्थशास्त्राचे, गणिताचे, इतकेच काय इतिहासाचे विद्यार्थीही या व्यवसायात येत असतात. बँका विषय शिकवून घेतात. विद्यापीठाकडून त्यांना हवी असते ती मुलांची पहिली चाळणी.

आता वेळापत्रकाविषयी, कारण परगावची मुले मागे पडतात ती बहुधा येथेच. इंग्लंडमधील पदवी तीन वर्षांची असली, तरी या क्षेत्रातील भरती पहिल्या सत्रातच सुरू होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी वसंत ऋतूत बँका 'स्प्रिंग वीक' नावाचा काही दिवसांचा कार्यक्रम घेतात आणि त्याचे अर्ज आदल्या शरद ऋतूतच भरावे लागतात. त्यात चमकलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातील नऊ-दहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळण्याची शक्यता वाढते, आणि कायमच्या नोकऱ्यांचा मोठा वाटा या इंटर्नमधूनच भरला जातो. म्हणजे आपली मुलगी सप्टेंबरअखेर हीथ्रोवर उतरली, की थंडीचे कपडे घ्यायच्या आधी तिला बँकांचे अर्ज भरायला बसावे लागेल. तेथील चांगल्या शाळांमधील मुलांना हे दोन वर्षे आधीपासून ठाऊक असते. आपल्याकडील मुलांना ते दुसऱ्या वर्षी कळते.

व्हिसाचाही विचार हवा. ब्रिटनमध्ये पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी अठरा महिन्यांची होत आहे, आणि आपली मुलगी पदवीधर होईल तोवर तिला अठरा महिनेच गृहीत धरावे लागतील. मोठ्या बँका परदेशी उमेदवारासाठी पुढील कामाचा व्हिसा पुरस्कृत करतात, कारण तेथील नवोदितांचे पगार सरकारी किमान मर्यादेपेक्षा बरेच वर असतात. मात्र बँकेऐवजी एखाद्या लहान कंपनीत हिशेबनिसाची नोकरी करण्याची वेळ आली, तर तोच व्हिसा अवघड होतो आणि मुलगी कर्ज घेऊन परत येते.

कर्जाचा अंदाजही आपण मांडून पाहावा. लंडनमधील नामवंत विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याची फी साधारणपणे वर्षाला ३० हजार पौंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. राहण्याजेवणाचे वर्षाचे १४-१५ हजार पौंड धरले, तर तीन वर्षांचा खर्च सध्याच्या दराने निदान दीड कोटी रुपयांच्या घरात जातो. लंडनबाहेरच्या मध्यम प्रतीच्या विद्यापीठातही तो पाऊण कोटीच्या खाली क्वचितच राहतो. पहिल्या प्रकारच्या विद्यापीठासाठी जागा तारण ठेवण्याचा विचार मी निदान समजू शकतो. दुसऱ्यासाठी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नातेवाईकांचे म्हणणे मला अधिक पटते, पण त्यातही तपशील पाहायला हवा. दिल्ली विद्यापीठातील प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामायिक परीक्षेवर होतात. १९२६ साली स्थापन झालेले श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स, सेंट स्टीफन्स, आणि व्यवस्थापन व गुंतवणूक विश्लेषण शिकवणारे शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज या तीन ठिकाणी पदवीनंतर थेट नोकरी देणाऱ्या वित्तीय कंपन्या येतात आणि फीही परदेशाच्या तुलनेत नगण्य आहे. गणित घेतलेले असणे तेथे उपयोगी पडते. बारावीनंतर लगेच पाच वर्षांचा निर्णय घेण्याची तयारी असेल, तर आयआयएम इंदूरचा २०११ पासून चालू असलेला एकात्मिक अभ्यासक्रम पाहावा. त्यातील शेवटची दोन वर्षे विद्यार्थी कॅट ही व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा देऊन आलेल्यांच्या बरोबरीने शिकतात.

मुंबईचे वेगळेपण अभ्यासक्रमात फारसे नाही. ते आहे भूगोलात. सेंट झेवियर्स, एच. आर., जयहिंद, पोदार, नरसी मोनजी किंवा चर्चगेटचे सिडनहॅम यांपैकी कोठेही शिकणारी मुलगी लोकलने किंवा मेट्रोने तासाभरात फोर्ट, लोअर परळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात पोहोचू शकते, आणि भारतातील भांडवली व्यवहारांचे काम प्रामुख्याने याच भागात चालते. २०१२ साली दोन्ही शेअर बाजारांनी लहान उद्योगांसाठी स्वतंत्र मंच सुरू केले, तेव्हापासून त्या कंपन्यांचे समभाग बाजारात आणणाऱ्या छोट्या मर्चंट बँकाही बऱ्याच झाल्या आहेत. तेथे पाचसहा माणसांचे कार्यालय असते, विद्यावेतन जेमतेम असते, पण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही प्रॉस्पेक्टसच्या (समभाग विक्रीच्या माहितीपत्रकाच्या) मसुद्याला हात लावायला मिळतो. मोठ्या बँकेत ती संधी मिळायला पदवी आणि दोन मुलाखतींच्या फेऱ्या लागतात.

सिडनहॅमचे नाव निघाले म्हणून एक आठवण नोंदवतो. १९१३ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी त्या पगारातून पैसे साठवून ते पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ चा आहे. आधी मुंबईत पाय रोवून मग लंडन गाठण्याचा मार्ग आजही बंद झालेला नाही.

तेव्हा माझा सल्ला असा, की मुलीने सीयूईटी आणि मुंबईतील प्रवेशपरीक्षा मनापासून द्याव्यात. इंग्लंडचा अर्ज करायचाच असेल तर वर सांगितलेल्या विद्यापीठांनाच करावा आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत ऑक्टोबरच्या मध्यातच संपते हे ध्यानात ठेवावे. तेथून होकार आला, तर तारणाचा विचार तेव्हा करता येईल. तोवर तिला एक काम द्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ह्युंदाई मोटर इंडियाने २७,८७० कोटी रुपयांची समभाग विक्री केली. तिचे माहितीपत्रक सेबी या शेअर बाजार नियामकाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते. त्यातील 'विक्रीच्या किमतीचा आधार' हे प्रकरण, आणि कोणत्या बँकेने कोणते काम केले याचा तक्ता तिने महिनाभरात समजून घ्यावा. वाचताना तिला कंटाळा आला, तर या व्यवसायात काय काय करावे लागते ते तिला वेळेत कळले असे समजा. पहिली चारपाच वर्षे रात्री दोनपर्यंत बसून अशीच कागदपत्रे तपासावी लागतात.

प्रश्न : मी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका परदेशी इन्व्हेस्टमेंट बँकेच्या पुण्यातील कार्यालयात मला नोकरी मिळाली आहे. घरचे म्हणतात, आता वेगळे काय हवे? मला मात्र कंपन्यांच्या विलीनीकरणासारख्या व्यवहारांवर काम करायचे आहे. दोन वर्षांनी आयआयएम करावे की लंडनला एक वर्षाची एमएस्सी? — एक विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : घरच्यांचा गैरसमज अगदी स्वाभाविक आहे. इन्व्हेस्टमेंट बँकेत नोकरी असणे आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी मुले महाविद्यालयाची निवड चुकीच्या आकड्यांवर करतात. परदेशी बँकांच्या पुणे, बंगळुरू आणि हैदराबाद येथील कार्यालयांत हजारो लोक काम करतात. त्यांतील बहुतेकांचे काम तंत्रज्ञान, जोखीम नियंत्रण आणि व्यवहारांची नोंद यांचे असते. ते काम हलके नाही आणि पगारही चांगले आहेत, पण ग्राहकासमोर बसून कंपनीची किंमत ठरवणारी तुकडी मुंबईत असते आणि ती बोटांवर मोजता येईल एवढी लहान असते. म्हणून एखादे महाविद्यालय 'आमच्याकडे अमुक बँक येते' असे सांगते, तेव्हा तुम्ही दोनच गोष्टी विचाराव्यात : ती बँक कोणत्या विभागासाठी येते, आणि मुले कोणत्या शहरात रुजू होतात. उत्तर गुळमुळीत आले, तर ते पुरेसे स्पष्ट समजावे.

भारतातील व्यवहारांच्या तुकडीत जाण्यासाठी आजही आयआयएम अहमदाबाद, बंगळुरू आणि कलकत्ता ही तीन नावे पुढे आहेत. अहमदाबाद आणि कलकत्ता १९६१ च्या, बंगळुरू १९७३ ची. कलकत्त्याची ख्याती पहिल्यापासून वित्त विषयासाठी आहे. मात्र एक गोष्ट तेथे जाण्यापूर्वी समजून घ्या. जूनमध्ये वर्ग सुरू होतात आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत उन्हाळी इंटर्नशिपची भरती होऊन जाते. चार-पाच महिन्यांत शिकून दाखवण्यासारखे फारसे काही झालेले नसते, त्यामुळे बँका मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे दहावी, बारावी, पदवी आणि आधीचा अनुभव पाहून ठरवतात. दहावीचे गुण तिशीच्या उंबरठ्यापर्यंत पाठ सोडत नाहीत, ही आपल्या व्यवस्थेची एक विचित्र खोड आहे. मला ती कधीच पटली नाही, पण ती आहे. तुमचे आधीचे गुण साधारण असतील, तर या दोन वर्षांत सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षेच्या दोन पातळ्या उत्तीर्ण होणे, किंवा बँकेतल्या बँकेत वित्ताशी अधिक जवळच्या विभागात बदली मिळवणे, हे कॅटच्या तयारीइतकेच महत्त्वाचे ठरेल.

फीचा प्रश्न असेल, तर चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेचा विचार अवश्य करा. १९६५ साली स्टॅनफर्डच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठाने सुरू केलेली ही संस्था वर्गाने लहान आहे, फी आयआयएमच्या तुलनेत फारच कमी आहे, प्रवेश राज्याच्या सीईटीने होतो आणि मुंबईतील देशी मर्चंट बँकांमध्ये तिचे माजी विद्यार्थी जागोजागी भेटतात. आयआयएममध्ये फी आणि राहणे मिळून पंचवीस-तीस लाख मोजावे लागत असताना, ज्याला मुंबईतच काम करायचे आहे त्याने बजाजला दुय्यम मानू नये.

लंडनच्या एक वर्षाच्या एमएस्सीविषयी मी जरा सावध आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा इम्पीरियलची ही पदवी उत्तम आहे, परंतु सप्टेंबरमध्ये पोहोचताच पुढील उन्हाळ्याचे अर्ज सुरू झालेले असतात आणि दुसरी संधी मिळण्याआधी अभ्यासक्रम संपतो. म्हणून जायचेच असेल, तर अर्ज आणि मुलाखतींची तयारी पुण्यात असतानाच पूर्ण करून जावे. पॅरिसचे एचईसी किंवा मिलानचे बोकोनी येथील दोन वर्षांचे अभ्यासक्रम या दृष्टीने बरे पडतात, कारण मध्ये एक उन्हाळा मिळतो, आणि काही विद्यार्थी तर मध्ये वर्षभर थांबून निरनिराळ्या बँकांत काम करतात. अमेरिकेतील एमबीए हा मार्ग चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतरचा आहे. तेथे नोकरी मिळाली तरी कामासाठीचा एच-१बी व्हिसा सोडतीवर अवलंबून असतो, म्हणून तूर्त तो बाजूला ठेवा.

कोणत्याही विद्यापीठाचे नाव पहिल्या मुलाखतीपर्यंत नेते, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून अनेकदा पाहिले आहे. एका मोठ्या संस्थेतून आलेल्या हुशार मुलाला मी विचारले होते, की कंपनीचा घसारा (यंत्रे-इमारतींच्या झिजेपोटी हिशेबात धरलेला खर्च) शंभर रुपयांनी वाढला आणि कराचा दर २५ टक्के असला तर काय होईल? नफा कमी होईल, एवढे त्याने सांगितले. करपूर्व नफा शंभरने घटतो, करही पंचवीसने घटतो, म्हणून निव्वळ नफा पंचाहत्तरने कमी होतो. घसाऱ्यात पैसा बाहेर जात नसल्याने रोकड मात्र वाचलेल्या कराएवढी, म्हणजे पंचवीस रुपयांनी वाढते. ताळेबंदात मालमत्ता शंभरने उतरते, रोकड पंचवीसने चढते आणि भागधारकांचा निधी पंचाहत्तरने उतरून दोन्ही बाजू जुळतात. हे त्याला जमले नाही, आणि पुढच्या उमेदवाराला, जो अशा कोणत्याही नामांकित संस्थेतून आला नव्हता, ते कागदाशिवाय जमले. तुम्ही अभियंते आहात, तुम्हाला हे आठवडाभरात येईल. रुजू होण्यापूर्वीच्या मोकळ्या महिन्यांत लेखाशास्त्राचे एक साधे पाठ्यपुस्तक संपवून टाका.

प्रश्न : मी सीएची विद्यार्थिनी आहे, आर्टिकलशिप (सीए फर्ममधील उमेदवारी) चालू आहे. इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी पुढे एमबीए करावेच लागेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : भारतात काम करायचे असेल, तर नाही. कोटक महिंद्रा कॅपिटल, जेएम फायनान्शियल, अ‍ॅक्सिस कॅपिटल यांसारख्या देशी संस्थांच्या तुकड्यांत सीए मंडळी भरपूर आहेत, कारण समभाग विक्रीच्या कामाचा मोठा भाग हिशेबांची छाननी हाच असतो. अडचण असते ती तुम्ही आर्टिकलशिप कोठे केली याची. २०२३ च्या नव्या योजनेनुसार हा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे. तो सगळा जर विवरणपत्रे भरण्यात आणि स्थानिक दुकानांच्या लेखापरीक्षणात गेला, तर सीएची पदवी असूनही मुलाखतीत सांगण्यासारखे काही उरत नाही. तुमच्या फर्ममध्ये मूल्यांकनाचे किंवा कंपन्यांच्या खरेदीपूर्व तपासणीचे काम येत असेल, तर ते मागून घ्या. येत नसेल, तर बदलीचे नियम पाहून मुंबईतील फर्मचा विचार आताच करावा. मडगावहून घर सोडणे जिवावर येईल, हे मान्य आहे.

अंतिम परीक्षा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होण्याला येथे वाजवीपेक्षा जास्त किंमत आहे. तसे झाले, तर सीए संस्थेच्या नवपदवीधर भरतीतून अर्ज करा. न झाल्यास एखाद्या मोठ्या सल्लागार कंपनीच्या मूल्यांकन विभागात दोन-तीन वर्षे काढून मर्चंट बँकेत जाणे हा आडमार्ग दिसायला लांबचा असला, तरी चांगलाच रुळलेला आहे. परदेशातील बँकांत मात्र भारतीय सीएची ओळख कमी पडते, आणि लंडन किंवा न्यूयॉर्क हेच तुमचे ध्येय असेल, तर वरच्या उत्तरातील एमबीएचा भाग तुम्हालाही लागू आहे.